पावलं आहेत, नाडी नाही

"माझं घड्याळ खुळावलंय गं," असं म्हणत शेफालीनं डावा हात कँटीनच्या टेबलावर, अम्रीनच्या पोह्यांच्या बशीशेजारी ठेवला. शेफाली अम्रीनच्याच विभागात आकडेमोड सांभाळायची. गेल्या आठवड्यात ती गोव्याला जाऊन आली होती आणि येताना मनगटावर काळ्याभोर लाटांची नक्षी गोंदवून आली होती. तेव्हापासून घड्याळ दर पाच मिनिटांनी स्वतःला कुलूप लावून घ्यायचं आणि पासवर्ड मागायचं. त्याला वाटायचं, शेफालीनं ते हातातून काढून ठेवलंय. शाईतून त्याचा दिवा आत जात नाही म्हणे. पुस्तिकेतच लिहिलंय, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. मी आपली उजव्या हातात घालते आता, असं म्हणून शेफाली इडलीकडे वळली. तिच्या लेखी विषय संपला होता. अम्रीनचा घास मात्र तोंडातच राहिला. आधी ते डोक्यात शिरलं, आणि त्याच्या मागोमाग, पावलावर पाऊल ठेवून, राग आला.

राग कुणाचा, हे तिला लगेच कळेना. आधी तो शेफालीचाच आला, आणि तो धडधडीत अन्याय होता. बाईनं हौसेनं हात गोंदवून घेतला, त्यात तिचं काय चुकलं? पण गोव्यात गोंदवलेल्या हातासाठी कंपनी पुस्तिकेत जागा ठेवते, दुसरा हात सुचवते, माफीसुद्धा मागत असेल. मग राग पुस्तिकेचा आला, आणि पुस्तिकेवरून तो घसरत घसरत जिथं यायचा तिथं आला. तसल्या पुस्तिका तिनं ढिगानं चाळल्या होत्या. डॉ. अम्रीन मणेर गेली अकरा वर्षं त्या दिव्याचंच खात होती. घड्याळासारख्या मनगटी पट्ट्याच्या पोटाशी हिरवा दिवा असतो, तो कातडीतून आत डोकावतो, रक्ताची ये-जा बघतो आणि ठोके मोजतो, हे तिनं झोपेतसुद्धा पोरांना शिकवलं असतं. काळ्या शाईनं उजेड गिळला जातो हेही तिला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि डोक्यात येणं यांत कधीकधी सबंध तालुका मावतो. वेल्हे तालुक्यातल्या साठीपुढच्या दोनशे चाळीस माणसांच्या हातांत तिनं जूनमध्ये पट्टे बांधले होते. नाडीचा ठेका चुकत असेल तर पट्ट्यानं ते आधीच ओळखावं, म्हणजे अंगावरून वारं जाण्याआधीच माणूस दवाखान्यात पोचेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू होतील, हात-पाय-वाचा शाबूत राहील, असा सगळा बेत. नऊ माणसं तशी सापडली होती. त्यांना गोळ्या सुरू झाल्या होत्या. आणि एकोणीस बायका अभ्यासातून वगळल्या होत्या, कारण त्यांच्या नावापुढं संगणकानं दिवसामागून दिवस एकच शेरा मारला होता: पावलं आहेत, नाडी नाही.

पट्टा हलतोय, पण हातात नाही. विभागप्रमुख मानसिंग सरांनी त्या शेऱ्याचा अर्थ फोनवर खो खो हसत सांगितला होता, की अगं, शेळीच्या गळ्यात बांधला असणार! शेळी दिवसभर हिंडते, पावलं भरतात, बाई मोकळी. तेवढा एक विनोद सरांचा. बाकीचं सगळं अम्रीनचं. सादरीकरणात शेळीचं चित्र तिनं स्वतः शोधून लावलं होतं, काळी-पांढरी शेळी, गळ्यात निळा पट्टा. हैदराबादला लोक हसले, बंगळूरला हसले, पुण्यात तर दोन ओळी हसल्या आणि मग चहाच्या सुट्टीत एक वृद्ध डॉक्टर मुद्दाम येऊन म्हणाले, ग्रामीण भागात काम करणं म्हणजे कठीणच हो. अम्रीननं मान डोलावली होती. भोरच्या मणेरांची पोरगी, ग्रामीण भाग किती कठीण असतो ते एका परक्या माणसाकडून ऐकून मान डोलावत होती. ते आठवून तिला आता कँटीनच्या फरशीवर बशी आपटावीशी वाटली. तिनं ती नीट उचलून मोरीपाशी नेऊन ठेवली, शेफालीला जाते म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

एकोणीसच्या एकोणीस बायका विंझर आणि त्याच्या वाड्यांतल्या होत्या, आणि त्यांतली पहिली अक्काबाई होती. कात्रजचा बोगदा मागं पडेपर्यंत अम्रीनला अक्काबाईखेरीज दुसरं काही आठवेना. जूनमध्ये पट्टे वाटले ते विंझरच्या दूध डेअरीपाशी, कारण मोबाईलला रेंज तिथंच यायची आणि संध्याकाळी दूध घालायला सगळं गाव तिथंच यायचं. बांधायचं काम शिवानीचं. शिवानी गावची आशाताई, चटपटीत, घरोघरचं बाळंतपण आणि खोकला तोंडपाठ असलेली. अम्रीन हातात टॅबलेट घेऊन चार पावलं लांब उभी होती आणि नाव, वय, वजन भरत होती. अक्काबाईची पाळी आली तेव्हा म्हातारीनं हात मागं घेतला आणि थेट तिच्याकडं बघून विचारलं होतं, "ह्या हातावर माजं गोंदन हाय, मॅडम. झाकून जातंय. उजव्यात घालू का?" आणि अम्रीननं टॅबलेटवरची नजर न काढता सांगितलं होतं, की नाही आजी, डावाच, सगळ्यांचा डावा, नाहीतर आमचं गणित जुळत नाही. म्हणजे म्हातारीनं जे विचारायला हवं होतं ते विचारलं होतं. कारण वेगळं होतं, तिला आपला दागिना झाकायचा नव्हता. पण उत्तर बरोबर होतं. अकरा वर्षं शिकलेल्या बाईला जे सुचलं नाही ते अक्काबाई बोलून गेली होती, आणि अम्रीननं ते खोडून काढलं होतं. वरव्याजवळ एका ट्रकनं हूल दिली. अम्रीननं काच खाली करून त्याला तोंडात येईल ते सुनावलं. ट्रकवाल्याला काहीच ऐकू गेलं नाही, तो निघून गेला, आणि राग होता तिथंच राहिला. हातातल्या तिच्या घड्याळानं कुरकुर केली: तुमचे ठोके वाढले आहेत, दीर्घ श्वास घ्या. तिनं ते काढून पुढच्या कप्प्यात कोंबलं.

ऑगस्टची संध्याकाळ मात्र तिला आठवायची नव्हती, आणि नेमकी तीच आठवत होती, खाजवू नये तिथंच खाज सुटावी तशी. दोन महिने झाले होते, टॅबलेटवर अक्काबाईची ओळ पहिल्या दिवसापासून लाल होती. डेअरीत गर्दी होती. आत गोरख बसला होता, डेअरी सांभाळणारा, प्रत्येकाच्या किटलीतलं दूध यंत्राखाली धरून फॅट सांगणारा. अम्रीन पुण्याहून तापूनच आली होती. आदल्या दिवशीच सरांनी शेळीचा विनोद केला होता आणि निम्मं गाव वगळायची पाळी आली तर पैसे देणाऱ्यांना काय सांगायचं, असंही विचारलं होतं. तिनं सगळ्यांदेखत विचारलं, आजी, पट्टा का घालत नाही? अक्काबाई म्हणाली, घालते की, हा काय. खरंच हातात होता. आज घातला असेल, अम्रीन म्हणाली, मी येणार म्हणून. अक्काबाई म्हणाली, आंगुळीलाबी काढत न्हाई, ही शिवानी आठवड्यानं चार्ज कराया नेती तेवढाच. शिवानीनं मान हलवून दुजोरा दिला, तर अम्रीनला वाटलं, ही गावची, हिला सगळ्यांना सांभाळून घ्यावंच लागणार. मग अक्काबाईनं आवाज खाली करून, जणू खाजगीतलं सांगावं तसं सांगितलं, की छातीत कधी कधी मासळी तडफडल्यागत होतंय, म्हणून तर ती एवढं जपून घालते. हे वाक्य अम्रीननं कुठं लिहून घेतलं नाही. तिच्या तक्त्यात तसल्या वाक्यासाठी रकाना नव्हता. "मशीन खोटं बोलत नाही, आजी," ती म्हणाली, "तुम्ही बोलताय. शेळीच्या गळ्यात बांधला होतात का?"

लोक हसले. हैदराबादच्या आधी, बंगळूरच्या आधी, ते पहिलं हसू विंझरच्या डेअरीपाशी होतं. फक्त गेनबा नावाचा एक म्हातारा हसला नाही. त्याची किटली यंत्राखाली होती. तो म्हणाला, मशीन खोटं बोलत न्हाई म्हनता, मग आमच्या म्हशीचं फॅट येक दिस सात आन् दुसऱ्या दिशी पाच कसं भरतंय? म्हैस काय सोमवार-मंगळवार बगून चरती का? तेव्हा त्याच्यावरही लोक हसले, आणि अम्रीनलाही ती गावाकडची गंमत वाटली. यंत्रावर भरवसा कसा आणि किती ठेवायचा हे ज्या जागी रोज दोन वेळा ठरत होतं, त्या जागी उभं राहून तिनं ते वाक्य टाकलं होतं. अक्काबाईनं दाढेनं पट्ट्याचं टोक ओढून बक्कल सोडवलं, पट्टा पदरानं पुसला आणि शिवानीच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी आणखी सहा पट्टे परत आले. त्यांतला एक गोरखनं स्वतः आणून दिला, त्याच्या आईचा, ठकूबाईचा. तिची ओळही लालच होती. आई काढायला नको म्हणत होती, तो म्हणाला, पण उगं गावात शोभा कशाला. अम्रीनला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं, कारण सात जणींशी वाद घालायचं वाचलं. उरलेल्या बारांना तिनं महिन्याच्या शेवटी विभागात बसून, चहा पिता पिता वगळलं.

वेल्ह्याकडं वळायचा नसरापूरचा फाटा कधी मागं गेला हे तिला कळलंच नाही. भानावर आली तेव्हा समोर कापूरहोळ होतं, आणि गाडी आपणहून भोरच्या रस्त्याला वळायच्या बेतात होती. बैलाला गोठा ठाऊक असतो तसं. तिनं एका टायरवाल्यापाशी गाडी थांबवली आणि मानसिंग सरांना फोन लावला. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सर वाईट माणूस नव्हते, आणि त्याचाही तिला राग आला. वाईट असते तर बरं झालं असतं. सर म्हणाले, चांगलं लक्षात आलं तुझ्या, शोधनिबंधाच्या शेवटी, मर्यादांमध्ये, एक ओळ टाकू, काही सहभागींच्या त्वचेवरच्या शाईमुळं नोंदी मिळू शकल्या नाहीत. उलट परीक्षकांना ते आवडेल. दोनशे चाळीसात एकोणीस. निबंध उद्या सकाळी जाऊ दे, पुढच्या महिन्यात तुझ्या बढतीची मुलाखत आहे.

"सर, त्या बायका खोटं बोलल्या असं आपण जगभर सांगितलंय."

"आपण कुणाचं नाव घेतलं नाही, अम्रीन."

"विंझरला मी घेतलं होतं," ती म्हणाली.

मग सर म्हणाले, भावनेच्या भरात काही करू नकोस. तिला हसू आलं. भावनेचा भर! गेले सहा महिने ती बिनभावनेनं वागली होती आणि त्याचा हा निकाल होता. निबंधावर पहिलं नाव तिचं होतं, पाठवायचं तिच्या हातात होतं. तिनं सांगितलं, निबंध जाणार नाही, आणि तुमचं माझं काय व्हायचं ते मुलाखतीत होऊ दे. फोन ठेवल्यावर ती गाडी सुरू न करता बसून राहिली. टायरवाल्यानं विचारलं, ताई, पंक्चर हाय का? नाही म्हणाली. मग थांबला का, असं त्यानं विचारलं नाही, पाण्याची बाटली तेवढी पुढं केली.

मग तिनं आईला फोन केला. अन्वरी आता गुडघ्यांनी घरात बसली होती, पण तीस वर्षं तिनं काचेच्या बांगड्यांची पेटी घेऊन भोर-वेल्हे एसटीनं सगळा तालुका पालथा घातला होता. शाळेला सुट्टी असली की अम्रीन सोबत. ओसरीवर बायका भोवती बसायच्या, आणि अम्मीची रीत ठरलेली: आधी हात बघावा, मग माप बोलावं. ती बाईचा हात आपल्या मांडीवर घ्यायची, उलटा-पालटा करायची, बोटांची पेरं चाचपायची, अंगठा तळव्यात दुमडून बघायची. बांगडीला हात लावायच्या आधी ती हाताशी ओळख करून घ्यायची. अडलेल्या हाताला ती कधी दोष द्यायची नाही. बांगडी चढली नाही तर माझं माप चुकलं म्हणायची, आणि भरताना एखादी वाढलीच तर तोटा आपला. कुणाचा हात शेणानं भेगाळलेला, कुणाचा दूध काढून मऊ, कुणाचा सासरी आल्यापासून वाळलेला. कुणाच्या घरात काय चाललंय ते अम्मीला हातावरून कळायचं, आणि परतीच्या एसटीत ती ते अम्रीनला हळू आवाजात सांगायची. त्या हातांवर अम्रीनचं शिक्षण झालं होतं. बारावी, पुणे, पीएचडी, सगळं त्या हातांनी पोसलं होतं, आणि त्याच हातांपासून ती टॅबलेट घेऊन चार पावलं लांब उभी राहिली होती. विंझरची अक्काबाई आठवते का, असं विचारल्यावर अम्मीला एक क्षणही लागला नाही. व्हय, दोन-चारचा हात तिचा, हाडापेरानं बारीक. डाव्या मनगटावर वेल, वेलीखाली नऊ ठिपके. त्या अंगाला एकच गोंदणारीण फिरायची, समद्या पोरींच्या डाव्या मनगटावर तिनं तीच वेल काढलीया. का गं?

अम्रीननं सांगितलं. सगळंच सांगितलं, डेअरीपाशी काय बोलली तेसुद्धा. अम्मी रागावेल, असं तिला वाटलं होतं. रागावली असती तर तिला हवंच होतं. अम्मी रागावली नाही. मग म्हणाली, "तू हात धरला न्हाईस व्हय तिचा?"

विंझरला पोचेस्तोवर चार वाजले. डिसेंबरातलं ऊन, भात काढून मोकळी झालेली खाचरं. अक्काबाई अंगणात सुपानं भात पाखडत होती. चार हेलकावे द्यायची, मग सूप मांडीवर टेकवून थांबायची, तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायची, आणि पुन्हा सूप उचलायची. अम्रीन फाटकापाशी उभी राहून हे बघत राहिली. जिवंत आहे, एवढंच आधी मनात आलं, आणि मग लगेच, ही थांबतेय, हिला दम लागतोय. अम्रीनला बघून म्हातारी उठली नाही. सुनेनं पाणी आणून दिलं, पोतं अंथरलं. अम्रीननं जे वाटेत पाच वेळा मनाशी जुळवलं होतं ते सगळं विस्कटून सांगितलं, की चूक पट्ट्याची होती, शाईची होती, नाही, चूक माझीच होती. तुम्ही उजव्या हाताचं विचारलंत, मी ऐकलं नाही. तुम्ही खरं बोलत होतात. आणि छातीत अजून तसं होतं का? मला हात द्या, नाडी बघू द्या. अक्काबाईनं दोन्ही हात सुपाखाली घेतले.

"हात दावून अवलक्षान कशाला करू परत?" ती म्हणाली. मग सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकत म्हणाली, "तू अन्वरीची न्हवं? जूनमदीच वळखली व्हती म्या. म्हनून तर मुकाट डाव्या हातात घातला. म्हनलं, मणेरणीची पोर हाय, हिला हातातलं कळतंय."

अम्रीनला ते ऐकवेना. तिनं पुन्हा म्हटलं, माझं चुकलं. तशी अक्काबाई पहिल्यांदा तापली. आवाज चढवला नाही, पण सूप बाजूला ठेवलं. चार महिनं पोरं मला शेळीवाली म्हनत्यात, ती म्हणाली. लेकाच्या पाव्हण्यांत ह्योच इषय. शिवानी यायची बंद झाली, तिला वाटलं माझ्यापायी तिचं नाव खराब झालं. मी सत्तर वर्सं गावात हाय, कुनाची काडी उचलली न्हाई, कुनाला खोटं सांगितलं न्हाई. "तू डेअरीपाशी म्हनलीस आन् आता घरात येऊन माफी मागतीस? डेअरीपाशी सांग. मंग हात देते." सून मध्ये पडायला बघत होती, अहो आत्या, मॅडम लांबून आल्यात, पण म्हातारीनं तिच्याकडं बघितलंही नाही. अम्रीनला वाटलं, हा राग आपल्याला सकाळपासून हवा होता. सरांच्याकडं नव्हता, शेफालीकडं नव्हता, अम्मीकडंसुद्धा नव्हता. तो इथं, या अंगणात, चार महिने बसून होता.

डेअरी उघडायला अजून तास होता. दोघी चालत निघाल्या आणि वाटेत अक्काबाई तीनदा थांबली, प्रत्येक वेळी कुठल्या तरी कुंपणाचं निमित्त करून. पोचल्या तेव्हा गोरख यंत्र मांडत होता, बायका-माणसं किटल्या घेऊन जमत होती. शिवानीही आली होती, दूध घालायला, आणि अम्रीनला बघून तिनं मान फिरवली. अम्रीन ऑगस्टमध्ये जिथं उभी होती तिथंच उभी राहिली. "ऑगस्टमध्ये मी इथं म्हणाले होते, की अक्काबाई खोटं बोलतात," ती म्हणाली. "त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी पट्टा रोज घातला होता. पट्ट्याला त्यांच्या गोंदणातून नाडी दिसत नव्हती, आणि मी त्यांचं ऐकलं नाही. शिवानीताई पण खरं बोलत होत्या. खोटं मी बोलले." कुणी हसलं नाही. गेनबा किटलीवर हात ठेवून उभा होता, त्यानं एकदा गोरखच्या यंत्राकडं बघितलं. अक्काबाईनं डावा हात पुढं केला.

हात हलका होता, गार होता. अम्रीननं तो दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, पालथा केला, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं टेकवली. वेल निळी पडली होती, ठिपके पसरले होते. बोटांखाली तीन ठोके आले, मग रिकामं, मग दोन घाईनं एकमेकांच्या अंगावर पडत आलेले, मग पुन्हा रिकामं. मोजायला ठेकाच नव्हता. सहा महिन्यांत दोनशे चाळीस पट्ट्यांनी जे शोधायचं होतं ते तीन बोटांना अर्ध्या मिनिटात सापडलं होतं. तिनं सांगितलं, उद्या सकाळी दवाखान्यात जायचं, मी इथंच राहते. अक्काबाई म्हणाली, जाऊ. मग म्हणाली, आन् बाकीच्या?

बाकीच्यांची यादी मोबाईलमध्ये होती. हात न सोडता, एका हातानं तिनं ती उघडली. या सगळ्यांनी पट्टा घातला होता, ती म्हणाली, आणि सगळ्यांची नाडी उद्या बघायची आहे. मग नावं वाचायला लागली. हौसाबाई. हाय हितं, किटली घेतलेली एक बाई म्हणाली आणि हातातली किटली खाली ठेवून मनगट चोळायला लागली. गऊबाई. रानात हाय, येती मागनं, तिच्या नातीनं सांगितलं. भागूबाई, ती पण होती, शिवानीच्याच मागं. शिवानी आता जवळ आली होती आणि कोण कुठल्या वाडीला आहे ते सांगत होती. अम्रीननं पुढचं नाव वाचलं. ठकूबाई.

यंत्राची घरघर तेवढी चालू होती. सगळे आत बघत होते, गोरखकडं. त्याच्या हातात दुधाचं माप होतं, ते त्यानं टेबलावर ठेवलं आणि यंत्र बंद केलं.

"आई न्हाई आता," तो म्हणाला. "दिवाळीच्या आदी अंगावरनं वारं गेलं. आठ दिस वाचा नव्हती, मंग गेली." तो टेबलाच्या कडेला धरून उभा होता. "तिनं घातला व्हता का, मॅडम? खरंच?"

वगळलेल्यांचं पुढं काय झालं, हे अभ्यासात कुणी विचारत नाही. अम्रीननंही विचारलं नव्हतं. तिला वाटलं, आता या माणसानं आपल्याला मारावं, निदान शिवी तरी द्यावी. गोरख नुसता बघत होता, आणि उत्तर द्यायलाच हवं होतं.

"घातला होता," ती म्हणाली. "रोज."

"मंग म्याच काढून आनला त्यो," गोरख म्हणाला.

त्यानं माप पुन्हा उचललं, पण समोर कुणी किटली धरली नाही. अम्रीनला मोबाईलवरची अक्षरं दिसेनात. तिच्या हातातला तो बारीक, दोन-चारचा हात मात्र सुटला नाही. उलट बोटांनी तिची बोटं आवळली, दुखतील इतकी.

"थांबू नगंस," अक्काबाई म्हणाली. "वाच फुडं."

अम्रीननं पुढचं नाव वाचलं.